टेकडीप्रमुखाचा शब्द

आमच्या क्लबात नव्या सभासदाला पहिला अख्खा हंगाम उडायला मिळत नसे. त्यानं दोर वाहायचा, बांबू वाहायचा, दुसऱ्याचं हँगग्लायडर खांद्यावर घेऊन टेकडी चढायची, आणि तो दुसरा उडून खाली गेला की आपण पायी खाली उतरून तेच धूड पुन्हा वर आणायचं. इंग्रजी मासिकातला रंगीत फोटो पाहून आलेले निम्मे लोक दुसऱ्या रविवारीच गळत. "आम्ही उडायला आलो होतो, हमाली करायला नाही," असं ऐकवून जात. मी नमस्कार करून निरोप द्यायचो. क्लबाचा चिटणीस म्हणून मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर हायसं वाटे. दोर वाहताना कंटाळणारा माणूस जोराचा वारा पडेपर्यंत थांबणार नाही, हे मला अनुभवानं कळलं होतं.

नोकरीनं मी पाटबंधारे खात्यात आरेखक. कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली आणि त्यातले काही कालवे पुढे खरोखर झालेही. पण जुनी मंडळी भेटली की कालव्यांचं कोणी विचारत नाही. विचारतात ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या आणि पुढे आठ-दहा वर्षं कसाबसा चाललेल्या आमच्या उडणाऱ्यांच्या क्लबाचं. त्या बिनपगारी कामात जेवढं शिकलो, तेवढं पगारी कामात शिकलो नाही.

ज्यांनी हँगग्लायडर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं शिडाचं जाड कापड, असा तो मोठा त्रिकोणी पंख असतो. त्याच्या मधोमध एक पट्टा लोंबतो आणि त्या पट्ट्याला अडकवलेल्या झोळीत माणूस पोटावर लटकतो. समोरची दांडी ओढून-ढकलून आपलं वजन इकडेतिकडे सरकवलं की पंख वळतो, वेग घेतो किंवा मंदावतो. इंजिन नाही, सुकाणू नाही. वाऱ्याकडे तोंड करून उतारावरून धावत सुटायचं, आणि काही ढांगांनंतर पाय हवेत चालायला लागतात. आमची टेकडी बुटकी, त्यामुळे सगळा खेळ दोन-चार मिनिटांत आटपे. खेड्यातले लोक त्याला पतंगच म्हणत, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

टेकडी शहराबाहेर, कुही गावाच्या पुढे होती. उतार ईशान्येकडे, आणि थंडीत वाराही तिकडूनच येतो, म्हणून ती निवडलेली. उन्हाळ्यात आमच्याकडची जमीन तव्यासारखी तापते आणि गरम हवेच्या उकळ्या फुटतात. त्यात सापडलेला पतंग कुठे जाईल ते सांगता येत नाही, म्हणून होळीच्या आधी हंगाम बंद. आणि सुरू कधी करायचा ते वारा ठरवत नसे, देवाजी ठरवत असे.

देवाजीची शेती टेकडीच्या पायथ्याशी होती. पहिल्याच वर्षी आमचा एक गडी त्याच्या उभ्या धानात उतरला. देवाजी विळा हातात घेऊनच आला.

"काहून गा साहेब, सरकारनं तुमाले उतराले जमीन नाही देली काय? माह्या बांधीतच काहून पडून राहिले तुमी?"

बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. आमच्या पतंगानं एका बांधीतलं पीक लोळवलं होतं आणि बांधही फोडला होता. त्याच दिवशी क्लबाच्या नियमांत भर पडली: धान कापून होईपर्यंत उड्डाण नाही, आणि ज्यानं बांध फोडला त्यानं स्वतः फावडं घेऊन तो नीट करायचा. देवाजी नंतर आमचा दोस्त झाला. कापणी आटोपली की तो एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप धाडायचा, "धान निंगलं. या मना पतंगवाल्याईले."

नियम लिहिणारे होते दाणीसाहेब. क्लब त्यांचाच म्हणायचा. हवाईदलातून निवृत्त होऊन ते धंतोलीत राहायला आले होते. परदेशातल्या एका नातेवाइकाकडून त्यांनी पहिला पतंग मागवला आणि त्याच्यावरून दुसरा इथे बांधवून घेतला. त्याचे नटबोल्ट मिळेपर्यंत इतवारीतली एकही लोखंडाची गल्ली त्यांनी सोडली नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी टेकडीवरून धावत सुटणारा हा उंच, ताठ माणूस नियमांच्या बाबतीत फार कडक होता. "चिटणीस, हवेत शिस्त लावता येत नाही. ती जमिनीवर लावून मगच वर जायचं," असं मला सांगत.

त्यांच्या नियमांत सगळ्यात मोठा नियम टेकडीप्रमुखाचा. जमिनीवरचा हंगाम पुरा केलेल्या प्रत्येक सभासदावर पाळीपाळीनं ही जबाबदारी येई. त्या दिवशी टेकडीवर त्याचा शब्द शेवटचा. तो पतंगाच्या नाकाला बांधलेली तार हातात धरून समोर उभा राहतो. उडणारा झोळीत लटकून दाखवतो, म्हणजे पट्टा अडकवलेला आहे याची खात्री होते. हा सोपस्कार कितीही फालतू वाटला तरी चुकवायचा नाही, कारण पट्टा अडकवायला विसरून धावलेली माणसं जगात आहेत. मग टेकडीप्रमुख वारा पाहतो, खालच्या शेतात बांबूला लावलेलं लाल कापड पाहतो, आणि सगळं ठीक असेल तरच तार सोडून बाजूला होतो. तो नाही म्हणाला तर नाही. कारण विचारायचं नाही. वाद घालणाऱ्याचा तो हंगाम संपला.

तऱ्हेवाईक लोक आमच्याकडे खूप आले. इतवारीतले एक कापडाचे व्यापारी मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊनच आले. वरात घोड्यावरून सगळेच काढतात, त्यांना नवरदेव मांडवासमोर वरून उतरवून हवा होता, फेट्यासकट. दाणीसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठजी, वाऱ्याला मुहूर्त कळत नाही. तुमचा मुलगा मांडवाऐवजी शेजारच्या गोठ्यात उतरला तर?" शेठजी विचारात पडले. "गोठा पण आपलाच आहे," असं शेवटी म्हणाले. त्यांना वाटेला लावायला मला बरेच चहा पाजावे लागले.

सुमन मेश्राम आली तेव्हा आधी मी तिलाही तसंच कोणीतरी समजलो. सीताबर्डीवर एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमची बैठक भरायची. ती ड्यूटीवरून थेट आली होती. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात नर्स, वय तिशीच्या आसपास. तिनं नियमांचा कागद उभ्याउभ्याच वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. घरच्या कर्त्या माणसाची लेखी संमती हवी, असा तो नियम होता.

"यात माझी अडचण आहे," ती म्हणाली. "वडील वारले. दोन भाऊ अजून शिकून राहिले. घरात कमावती मीच. मग कर्ता माणूस म्हणून सही मीच करू का?"

काही जण हसले. दाणीसाहेब हसले नाहीत. "मेश्रामबाई, उद्या तुमचा पाय मोडला तर ते घर कोण चालवणार?"

"साहेब, पायाचं तुम्ही पाहा. नीट शिकवलं तर मोडणार नाही. घराचं मी इतकी वर्षं पाहूनच राहिली आहे."

"आईला विचारलंय?"

"सांगितलं आहे. आई म्हणाली, तू नर्सिंगला जाताना पण सगळे नको म्हणत होते, तेव्हा मी जा म्हटलं होतं."

बैठक लांबली. कोणी म्हणालं, बाईमाणसाला काही झालं तर पेपरवाले आपल्याला सोडणार नाहीत. कोणी म्हणालं, पतंग वर चढवायचा दोर ओढवेल का. मी टिपणं घेत होतो आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की तो नियम उडणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हताच. काही बरंवाईट झालं तर रडणाऱ्या माणसांसमोर आम्हाला दाखवायला सहीचा कागद असावा, एवढ्यासाठी तो होता. दाणीसाहेबांनाही ते कळलं असावं. त्यांनी पेन काढलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं, "सज्ञान सभासदाने स्वतः सही करावी." मग कागद तिच्याकडे सरकवून म्हणाले, "पहिला हंगाम दोर ओढायचा. सूट मिळणार नाही."

तिनं सूट मागितलीही नाही. रात्रपाळी करून सकाळच्या एसटीनं ती कुहीला यायची आणि आमच्या धडधाकट गड्यांच्या बरोबरीनं पतंग वर चढवायची. पुढच्या हंगामात दाणीसाहेबांनी तिला स्वतः शिकवलं. पहिल्या उड्डाणात ती देवाजीच्या तुरीत उतरली आणि फावडं मागायला स्वतःच त्याच्याकडे गेली. देवाजी म्हणाला, "राहू दे वं बाई, तूर आहे, बांध नाही फुटला." तिसऱ्या हंगामापर्यंत ती आमच्यातल्या चांगल्या उडणाऱ्यांत मोजली जाऊ लागली, आणि टेकडीप्रमुखाची पाळी तिच्यावरही येऊ लागली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी दाणीसाहेबांच्या उतरण्यात फरक पडला. आधी ते पाखरासारखे अलगद उतरत. आता कधी एक पंख बांधाला घासायचा, कधी बाजूचं बाभळीचं झाड अगदी जवळून जायचं. वयाप्रमाणे होतंच, असं आम्ही आपसांत म्हणायचो. त्यांच्यासमोर हे बोलायची कोणाची छाती नव्हती. उरलेल्या आम्हा सगळ्यांना उडायला त्यांनीच शिकवलं होतं.

थंडी सरत आली होती, तेव्हाच्या एका रविवारची ही गोष्ट. टेकडीप्रमुख सुमन होती. देवाजीनं नेहमीच्या बांधीत लाखोरीच्या डाळीचं कापलेलं पीक वाळत टाकलं होतं, म्हणून उतरायची जागा बदलून लाल कापडाचा बांबू डावीकडच्या पडीक तुकड्यात रोवला होता. सकाळी सगळ्यांना ते सांगून झालं होतं. दाणीसाहेब त्या वेळी जीपमधून सामान काढत होते, त्यांनी ऐकलं नसावं. पण टेकडीवरून ते कापड कोणालाही दिसत होतं.

साहेब झोळीत लटकले, पट्टा तपासला, उभे राहिले. सुमननं नाकाची तार धरली होती.

"साहेब, खालचं कापड काय म्हणते?"

त्यांनी समोर, नेहमीच्या बांधीकडे पाहिलं. "ठीक आहे. समोरून वारा. सोडा."

सुमननं मागे वळून खाली पाहिलं. मीही पाहिलं. समोरच्या बांधीत कापड नव्हतंच. डावीकडे लाल कापड फडफडत होतं.

तिनं तार सोडली नाही.

"सोडा," साहेब पुन्हा म्हणाले.

"नाही साहेब. आज नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "कारण?"

"कारण विचारायचं नाही असा नियम आहे. तरी मी सांगीन. पण इथे नाही, खाली गेल्यावर. तुम्हाला एकट्याला."

"बाई, तुम्हाला ही तार धरायला मी शिकवली."

"हो साहेब." तिनं दोन्ही हातांची पकड ढिली केली नाही. धावायचं म्हटलं असतं तर त्यांना तिच्या अंगावरून जावं लागलं असतं.

साहेब माझ्याकडे वळले. "चिटणीस, तुमचं काय मत आहे?"

या माणसाच्या जीपमधून मी सकाळी आलो होतो. मी म्हणालो, "साहेब, टेकडीवर मत टेकडीप्रमुखाचं."

त्यांनी पट्टा सोडला, पतंग खाली ठेवला आणि टेकडी उतरायला लागले. सुमन त्यांच्या मागे धावली. पायथ्याशी दोघं जीपजवळ थोडा वेळ उभी दिसली. मग जीप निघून गेली. ती परत वर आली तेव्हा मी विचारलं, काय सांगितलं?

"काचबिंदू वाटतो म्हटलं. बाजूचं दिसत नाही त्यांना. समोरचं तेवढं दिसते, म्हणून स्वतःला कळतही नाही. वॉर्डात असे पेशंट रोज पाहते मी. सकाळी बाजूला ठेवलेल्या बांबूंना दोनदा अडखळले. डॉक्टरकडे लवकर गेले नाहीत तर उरलेलं पण जाईल." ती दगडावर बसली आणि ओढणीनं डोळे पुसले. "ते म्हणाले, माझे डोळे हवाईदलानं तपासलेले आहेत."

मंगळवारी साहेबांचा राजीनामा आला. परदेशी पतंग त्यांचा होता, तो त्यांनी माणूस पाठवून नेला. क्लबाकडे इथे बांधलेला तेवढा एक उरला. सीताबर्डीच्या माडीवर तातडीची बैठक झाली. सुमननं साहेबांची माफी मागावी, म्हणजे सगळं पूर्ववत होईल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. ती उभी राहिली. "मी क्लब सोडायचा असेल तर सोडते. पण माफी मागितली तर मी चुकले असा त्याचा अर्थ होईल. मग ते डॉक्टरकडे जाणारच नाहीत." माफीचा विषय तिथेच संपला.

मी धंतोलीला गेलो. दार मालतीबाईंनी उघडलं, दाणीसाहेबांच्या पत्नी. कमी बोलणाऱ्या बाई. क्लबाच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या कधी आल्याचं मला आठवत नव्हतं. साहेब व्हरांड्यात बसले होते. मी हवापाण्याचं बोलत राहिलो. अखेर तेच म्हणाले, "ते कापड मला खरंच दिसलं नाही. जिथे असायला हवं तिथे ते आहे, असं मी धरून चाललो."

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"चिटणीस, डॉक्टरकडे गेलो तर तो उडायला नाही म्हणेल. न गेलो तर निदान मीच नाही म्हणतोय असं राहील." मग म्हणाले, "तिनं सगळ्यांसमोर कारण सांगितलं नाही, नाही का?"

"नाही साहेब. आम्हाला तुम्ही गेल्यावर कळलं."

मालतीबाई चहा घेऊन उभ्या होत्या. ट्रे टीपॉयवर ठेवत त्या म्हणाल्या, "मी उद्याची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. तुम्ही आला नाहीत तर मी एकटीच जाऊन बसणार आहे." साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्या घरात हे बोलणारं माणूस नव्यानंच राहायला आलं होतं.

काचबिंदूच निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली थेंबांनी टिकवायची होती. सुरुवातीला थेंब घालायला ते कोणाला हात लावू देईनात आणि स्वतः घातले की ते गालावर ओघळत. एका संध्याकाळी सुमन ड्यूटीवरून सायकल घेऊन त्यांच्या फाटकात उतरली, हात धुतले आणि म्हणाली, "साहेब, मान मागे करा." त्यांनी केली. मालतीबाई शिकून तयार होईपर्यंत ती रोज जात राहिली. माफी दोघांपैकी कोणी मागितली नाही. एक दिवस साहेबांनी परदेशी पतंग क्लबाला परत दिला, तोही तिच्याच ताब्यात.

पुढच्या हंगामाच्या आधी साहेबांचा नवा अर्ज माझ्या टेबलावर आला. सोडून गेलेला सभासद परतला तर नवा समजावा, असा नियम होता. मी म्हणालो, साहेब, याची काही गरज नाही. ते म्हणाले, "चिटणीस, गरज नसलेले नियम मी लिहिले नसते." म्हणून त्या थंडीत आमचे संस्थापक पहिल्या हंगामाचे उमेदवार होते. दोर त्यांना आम्ही उचलू दिला नाही, यावरून ते रोज भांडत. टेकडी चढता येत नव्हती, म्हणून खाली देवाजीच्या पडीक तुकड्यात बसून नव्या पोरांना हवेचं गणित शिकवायचे. पुन्हा उडायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शिकवून झालं की कधीकधी ते एकटेच टेकडीकडे तोंड करून उभे राहत. तेव्हा आम्ही कोणी जवळ जात नसू.

जीप चालवणं बंद झालं होतं. एरवी कोणी ना कोणी त्यांना घेऊन येई. एका रविवारी कोणाचीच सोय झाली नाही, तर मालतीबाई भाड्याची गाडी करून त्यांना घेऊन आल्या. मी त्यांना बांधावर सतरंजी टाकून दिली. त्या इकडेतिकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांत हे शेत त्यांनी पाहिलं नव्हतं.

टेकडीवरून सुमन निघाली. साहेबांनी डोळ्यांवर हात धरून आकाशात शोधलं. पतंग त्यांच्या उरलेल्या नजरेच्या बाहेर कुठेतरी होता. ते मान फिरवत राहिले, मग थांबले.

"मालती, कुठे आहे?"

"उजवीकडे. त्या पळसाच्या वर."

"काय करतेय?"

"जातेय सरळ." मालतीबाई उभ्या राहिल्या होत्या. "नाही हो, सरळ नाही. एक बाजू खाली झाली. पडेल का?"

"वळतेय. घाबरू नकोस. आता?"

"आता आपल्याकडे येतेय. अहो, ती खाली नाही, वर चालली आहे!"

"खालच्या उघड्या दगडावर हवा तापून वर चढत असेल. तिनं हेरली." साहेब मालतीबाईंकडे वळले. "पुढे सांग."

"त्या झाडांच्याही वर गेली. गोल फिरते आहे. सावली तुमच्या पायावरून गेली, कळली का?"

"नाही कळली. पुन्हा येईल तेव्हा सांग."

मालतीबाईंनी पदर खोचला, सतरंजी सोडून त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून हळूच वर, डावीकडे वळवली.

"इथे पाहा," त्या म्हणाल्या. "आता येईल."